एकच प्याला: सुधाकर एवढ्या लवकर कसा काय घसरतो?

वाचनवेडी_१९
एमएला राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक आहे, दोनदा वाचून झालंय पण सुधाकर काही डोक्यात बसत नाहीये. हुशार वकील, सिंधूसारखी बायको, रामलालसारखा मित्र, सगळं चांगलं चाललेलं आणि कोर्टात मुन्सफाशी वाजतं, वकिलीची सनद काही महिन्यांसाठी जाते, तळीराम एक प्याला पुढे करतो आणि संपलं? मला ते कथानकासाठी जुळवून आणल्यासारखं वाटतं. शिवाय सिंधू सगळं सोसतच का राहते तेही कळत नाही. सरांनी नोट्समध्ये 'दारूचे दुष्परिणाम' एवढंच दिलंय.

पडद्याआड
दारूचे दुष्परिणाम हा विषय झाला हो, नाटक त्याच्या खाली आहे. पहिला अंक परत काढा आणि दारू बाजूला ठेवून फक्त एवढंच बघा की सुधाकरला काय सहन होत नाही. त्याला कमीपणा सहन होत नाही. रामलाल विलायतेला निघालाय तेव्हाच सुधाकरच्या मानी स्वभावाची काळजी बोलून दाखवली जाते, म्हणजे प्याला यायच्या आधीच भेग दिसलेली असते. कोर्टातला अपमान नेमका त्या भेगेवर बसतो, आणि तळीराम त्याचाच कारकून, मालकाची दुखरी जागा त्याला पक्की माहीत. दुसऱ्या कोणी तोच प्याला दुसऱ्या दिवशी पुढे केला असता तर सुधाकरने तो भिरकावला असता असं मला खरंच वाटतं. आणि पुढे तो दारू सोडायचं ठरवून काम मागायला बाहेर पडतो तिथेही बघा, लोक त्याला दारूडा म्हणून झिडकारतात आणि तो परत प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा आधी अपमान, मग दारू. गडकऱ्यांनी तीच गाठ दुसऱ्यांदा मारलीये, योगायोग असता तर एकदाच आला असता.

जुनीवही
सिंधूबद्दल सांगते. ती नुसतं सोसत नाही, ती शब्द देऊन बसलीये. माहेरचा पैसा घ्यायचा नाही ही सुधाकरची अट ती मान्य करते आणि तिथून तिच्या सगळ्या वाटा बंद होतात, भाऊ पद्माकर दारात उभा असूनही ती दळण दळून पोराला जगवते. म्हणजे बघ, नवऱ्याचा मानीपणा ती स्वतःच्या अंगावर घेऊन जगतेय. 'कशि या त्यजू पदाला' नुसतं भक्तीचं पद म्हणून ऐकलं तर हे सुटतं. (पदं वि. सी. गुर्जरांची आहेत, गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक त्यानंतर गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणलं, बालगंधर्व सिंधू.) शेवटी मरताना ती फौजदारापुढे नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते, ते वाचून मला राग येतो, आजही येतो, आणि तरी ते तिच्याच तोंडी शोभतं. तुला पटलंच पाहिजे असं नाही. तिच्या शेजारी तळीरामाची गीता ठेवून वाच, दोघींचे नवरे पिणारे पण गीता फाडफाड बोलते, म्हणजे बोलणारी बाई लेखकाला लिहिता येत होती, सिंधूला त्याने मुद्दाम गप्प ठेवलंय.

वाचनवेडी_१९
बापरे, दोन वेळा अपमान हे मी पाहिलंच नव्हतं!! गीता तर मी विनोदी पात्र म्हणून सोडूनच दिली होती. मग रामलाल आणि शरदचा (सुधाकरच्या विधवा बहिणीचा) भाग कशाला आहे? परीक्षेसाठी मी तो गाळणारच होते.

पडद्याआड
गाळू नका. रामलाल हा सगळ्यांना शहाणपण सांगणारा माणूस, आणि त्याचंच मन शरदकडे ओढलं जातं, जिला त्याने मुलीसारखं सांभाळायचं. मोह त्यालाही होतोच, पण तो स्वतःशी झगडून मागे फिरतो आणि शरद तिच्यावर प्रेम करणाऱ्या तरुण भगीरथाची होते. सुधाकर जिथे पाय घसरून पडला तशाच काठावर रामलाल उभा केलाय. ते दोन प्रवेश लागोपाठ वाचा आणि मग इथे लिहा काय वाटलं ते.