मदत हवी आहे: सरकारी पैसा गावात किती फिरतो, हे कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी माझं भांड्यांचं दुकान आहे. अर्थशास्त्राशी संबंध बारावीपुरताच, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

लाडक्या बहिणीचे १,५०० जमा झाले की चार-पाच दिवस माझा गल्ला फुगतो. एरवी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्या बायका तीन लिटरचा कुकर रोखीनं नेतात. आमचे दाजी रस्त्याची कामं घेतात, त्यांची बिलं वर्षभर अडकली आहेत. त्यांचं म्हणणं, पैसे असे वाटले म्हणूनच आमचे थकले. रस्ता वीस वर्षं टिकतो, तुझ्या कुकरनं गावाचं काय भलं? (दाजींचा रस्ता वीस वर्षं टिकतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं, असो.)

गुणकाबद्दल वाचलं, म्हणजे खर्चलेला एक रुपया हातोहात फिरून एकूण किती रुपयांची मिळकत करतो तो आकडा. प्रत्येकानं मिळकतीतले ८० टक्के पुढे खर्चले तर एका रुपयाचे पाच होतात. पण १,५०० च्या कुकरमागे माझ्या हाती दीडशे-पावणेदोनशे राहतात, बाकी पुण्याच्या होलसेलवाल्याकडे जातात. दाजींचं डांबर आणि डिझेलही बाहेरचंच. गावात उरते ती मजुरी, तीही जेसीबी आल्यापासून आटली. मग गुणक तालुक्याचा धरायचा की राज्याचा?

दाजींचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी. म्हणजे रोजचा खर्चही उसनवारीवर. याउलट मी दरवर्षी २,५०० व्यवसाय कर भरतो, तो १९७५ साली रोजगार हमीसाठी लावला होता हे मला परवा कळलं. आमचे वडील ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे. त्यात मजुरीही मिळायची आणि रस्ता, पाझर तलावही मागे राहायचा. कर लावून केलेला खर्च आणि कर्ज काढून केलेला खर्च, दोन्हींचा गुणक सारखाच धरतात का?

आणखी एक. जिल्हा परिषदेला रस्त्यासाठी दिलेलं अनुदान राज्याच्या हिशोबात महसुली, म्हणजे रोजच्या खर्चात जातं म्हणे. रस्ता दिसतोय तर तो भांडवली, म्हणजे टिकाऊ मालमत्तेवरचा खर्च का नाही? मग 'महसुली म्हणजे उधळपट्टी' हे दाजींचं गणित त्यांच्यावरच उलटत नाही का?

जाणकारांनी शक्यतो मराठीत, आकडे मांडून समजवावं. दाजी रविवारी जेवायला येणार आहेत.