स्वस्तातला आरसी ट्रक खडकांवर चढवायचा आहे: आधी मोटर बदलावी की आणखी काही?

पहिलीचढण यांचा प्रश्न

नमस्कार. काही महिन्यांपूर्वी मी १/१६ प्रमाणाचा, रिमोटवर चालणारा पिकअप ट्रक घेतला. खेळणे आणि छंदाचे खरे साधन यांच्या मधल्या पायरीवरचा हा ट्रक आहे. चेसिसची चौकट पत्र्याची असून दोन्ही एक्सल अखंड आहेत, चारही चाकांना मोटरचा जोर मिळतो आणि खाली मालट्रकसारखे पाटे आहेत. मात्र गिअर, शाफ्ट आणि रिम हे सगळे प्लास्टिकचे आहे. तो इतका देखणा दिसतो की मी टपावर कॅरिअर बसवून त्यावर छोटे डबे आणि दिव्यांची पट्टी लावली. मोठी बॅटरी चेसिसमध्ये मावेना, म्हणून ती मागच्या हौद्यात ठेवली आहे.

सपाट जमिनीवर ट्रक छान धावतो. दगडांवर मात्र चाके जागच्या जागी फिरत राहतात, चढ थोडा तीव्र झाला की पुढची चाके उचलली जाऊन ट्रक पाठीवर पडतो, आणि एखादे चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकले की स्टिअरिंगचा सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटरडबी) नुसता कण्हतो, चाक वळत नाही. सावकाश चालवणेही जमत नाही, कारण ट्रिगर हलकेच दाबला तरी ट्रक झटक्याने सुटतो.

अधिक ताकदीची मोटर, सर्व गिअर धातूचे आणि जमतील तेवढे भाग ॲल्युमिनियमचे, असा माझा बेत आहे. खर्चाला मर्यादा असल्यामुळे सगळे एकदम घेता येणार नाही. ज्यांनी असे ट्रक सुधारले आहेत, त्यांनी कोणत्या क्रमाने जावे हे सांगितल्यास आभारी राहीन.

दगडवाट

आपल्या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे. चाके जागच्या जागी फिरतात, याचा अर्थ मोटरकडे जमिनीला देता येईल त्याहून जास्त ताकद आजच आहे. तिथे आणखी ताकदीची मोटर बसवली, तर चाके अधिक वेगाने फिरतील, एवढेच होईल. तेव्हा मोटर यादीच्या तळाशी ठेवा आणि सुरुवात टायरपासून करा.

स्वस्त ट्रकचे टायर दिसायला खडबडीत असतात, पण त्यांचे रबर कडक असते. ट्रक एखाद्या दगडाच्या कडेवर उभा करून वाकून पाहा. टायर त्या कडेभोवती दबून बसला पाहिजे. तो गोलच्या गोल राहत असेल, तर त्याचा दगडाशी संपर्क दोन-तीन खुरांपुरताच आहे. मऊ रबराचे टायर आणि आत मऊ फोम ही या ट्रकवरची सर्वांत फलदायी सुधारणा आहे, असे माझे ठाम मत आहे. आतल्या कड्याला जरा टणक आणि बाहेरच्या कड्याला मऊ असा दुहेरी फोम मिळाला तर उत्तम, कारण त्यामुळे टायर दबतो, पण आडव्या उतारावर ट्रकच्या वजनाखाली दुमडत नाही. रिमला हवा जाण्यासाठी छिद्र नसेल, तर दोन-तीन मिलिमीटरचे एक पाडा. अन्यथा कोंडलेली हवा फुग्यासारखी वागते आणि चांगला फोमही वाया जातो. नवी चाके घेणार असाल, तर हब (एक्सलच्या टोकाचा, ज्यावर चाक बसते तो भाग) कॅलिपरने मोजल्याशिवाय घेऊ नका. १/१० प्रमाणाच्या गाड्यांत १२ मिलिमीटरचा षट्कोनी हब रूढ आहे, पण लहान ट्रकमध्ये तो तसाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

आता पाठीवर पडण्याविषयी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ट्रकची पुढची दोन चाके ठेवा, मागची चाके तेवढ्याच उंचीच्या पुस्तकावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मग उलट करून मागचे वजन घ्या. माझ्या ट्रकचे पहिले आकडे पुढे २९० आणि मागे ४१० ग्रॅम, म्हणजे पुढे जेमतेम ४१ टक्के होते. मागच्या एक्सलपासून गुरुत्वमध्यापर्यंतच्या आडव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की जी संख्या येते, ती ज्या कोनाची टॅन्जंट असेल, त्या कोनावर ट्रक मागे उलटतो. दोन एक्सलमधले अंतर १८० मिलिमीटर धरले, तर ४१ टक्क्यांच्या हिशेबाने गुरुत्वमध्य मागच्या एक्सलपासून सुमारे ७४ मिलिमीटरवर येतो. त्याची उंचीही तेवढीच असली, तर ४५ अंशांवर खेळ संपला. पुढचे वजन ५७ टक्क्यांवर नेले आणि गुरुत्वमध्य ६० मिलिमीटरपर्यंत खाली आणला, तर हीच मर्यादा जवळजवळ ६० अंशांवर जाते.

हे साधण्याचा पहिला टप्पा फुकट आहे. बॅटरी हौद्यातून काढून पुढच्या एक्सलच्या शक्य तितकी जवळ आणि खाली आणा, आणि कॅरिअरवरचे डबे उतरवा (मला ठाऊक आहे, जिवावर येते, फोटो काढताना पुन्हा लावावेत). त्यानंतर पुढच्या रिमच्या आत चिकटणाऱ्या वजनाच्या पट्ट्या किंवा पुढच्या एक्सलवर पितळेचे भाग लावावेत. वजन एक्सलवर किंवा चाकात असले, की ते पाट्यांच्या खाली राहते. त्यामुळे पाटे दबत नाहीत आणि ट्रक डोलत नाही. पितळेची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम असते. म्हणून या कामासाठी ॲल्युमिनियमच्या चकचकीत भागांचा उपयोग फारसा नाही. पट्ट्या शिशाच्या असतील, तर त्यांवर टेप गुंडाळा आणि हात धुवा.

पाचतारा

टायर आणि वजन यांबाबत वरील मताशी मी सहमत आहे. सर्व्हो आणि झटक्याने सुटणे या दोन तक्रारींचे मूळ मात्र बहुधा एकच आहे, आणि ते विद्युत भागात आहे.

सर्व्होला किती तारा जातात, हे आधी मोजा. छंदाच्या साहित्यातल्या सर्व्होला तीन तारा असतात: धन, ऋण आणि संकेताची. पुष्कळशा स्वस्त ट्रकमध्ये पाच तारांचा सर्व्हो असतो. त्याच्या डबीत केवळ छोटी मोटर, गिअर आणि स्थिती सांगणारा पोटेन्शिओमीटर असतो. दोन तारा मोटरच्या आणि तीन पोटेन्शिओमीटरच्या. त्याला चालवणारे सर्किट मुख्य बोर्डवर असते आणि त्याच बोर्डवर रिसीव्हर आणि मोटरचा वेगनियंत्रकही असतो. त्यामुळे पाच तारांचा सर्व्हो काढून तीन तारांचा सरळ जोडता येत नाही. इथे बरेच जण फसतात, सर्व्हो विकत घेऊन बसतात आणि मग जोडणार कुठे हा प्रश्न पडतो. मीही घेऊन बसले होते.

आपल्याकडे पाच तारा निघाल्या, तर तो बोर्ड संपूर्ण काढून वेगळा रिसीव्हर, वेगळा वेगनियंत्रक (ईएससी), तीन तारांचा सर्व्हो आणि त्या रिसीव्हरशी जुळणारा रिमोट असा संच घ्यावा लागेल. हा एका फटक्यात होणारा सर्वांत मोठा खर्च आहे, पण यातली प्रत्येक वस्तू पुढच्या ट्रकमध्येही वापरता येते. ईएससी निवडताना तो ब्रश असलेल्या मोटरसाठी आहे ना, आणि त्यात ड्रॅग ब्रेक आहे ना, हे पाहा. ड्रॅग ब्रेक असला की ट्रिगर सोडताच मोटरची दोन टोके आतल्या आत जोडली जातात, मोटर जनित्रासारखी वागून स्वतःच्याच फिरण्याला विरोध करते आणि ट्रक चढावर घरंगळत मागे येत नाही. आहे तीच मोटर चांगल्या ईएससीवर किती सावकाश आणि सलग चालते, हे पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

सर्व्होसाठी एमजी९०एस या धातूच्या गिअरच्या लहान सर्व्होचे उदाहरण घेऊ. त्याचा जोर ४.८ व्होल्टवर १.८ आणि ६ व्होल्टवर २.२ किलोग्रॅम-सेंटिमीटर दिलेला असतो. तो ६ व्होल्टपर्यंतचाच आहे. दोन सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते, म्हणून तिला तो थेट जोडू नका. ईएससीमधल्या बीईसीवरूनच, म्हणजे बॅटरीचा व्होल्ट उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होला देणाऱ्या भागावरूनच, त्याला वीज द्या. अडकलेला सर्व्हो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह ओढतो आणि बीईसी दुबळा असला तर रिसीव्हर क्षणभर बंद पडतो, तेव्हा बीईसी किती अँपिअरचा आहे हेही वाचा. बसवताना सर्व्हो आधी रिमोटने मध्यावर आणा आणि मगच त्याचा हात स्क्रूने घट्ट करा.

बॅटरी लिथियमची असेल, तर ईएससीची कट-ऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर बंद करणारी सोय) लिथियमवर ठेवा, कारण सेल ३ व्होल्टच्या खाली उतरला की कायमचा बिघडू शकतो. लहान कनेक्टरमध्ये धन-ऋण तारांची जागा सगळीकडे सारखी नसते. रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावा.

तुटकादात

प्रश्नकर्त्याचा बेत मी स्वतः पूर्ण अमलात आणलेला आहे, म्हणून लिहितो. ताकदीची मोटर बसवली तेव्हा आठवडाभरात गिअरबॉक्समधल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात गेले. धातूचे गिअर घातले, तर शाफ्टच्या टोकाचा प्लास्टिकचा सांधा पिळवटून तुटला. शाफ्ट पोलादी केला, तेव्हा मागच्या एक्सलचे प्लास्टिकचे घर जोराने फाकू लागले आणि आतला पिनियन (शाफ्टच्या टोकाचा लहान गिअर) दात ओलांडून कटकट वाजू लागला. ताकद वाढवली की ती साखळीतला पुढचा कच्चा दुवा शोधत जाते आणि दरवेळी तो दुवा आधीच्यापेक्षा महाग असतो. एवढे सगळे होऊनही ज्या दगडावर ट्रक अडत होता, तिथेच तो अडत राहिला, कारण टायर तेच होते.

तरीही धातूला सरसकट नाही म्हणू नये. जड टायर आणि पितळ आले की मूळ मोटरवरही शाफ्टवरचा ताण वाढतो, त्यामुळे पोलादी शाफ्ट घ्यावेत. चाकांच्या आसांवर प्लास्टिकच्या बुश असतील, तर त्यांच्या जागी बॉल बेअरिंग घालावेत. ती फार स्वस्त सुधारणा आहे आणि चाकांचे लटपटणे लगेच थांबते. प्लास्टिकचे गिअर तुटेपर्यंत राहू द्यावेत. ते शांत चालतात.

स्क्रूंविषयी दोन शब्द. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा, पण प्लास्टिकजवळ ते नेऊ नका, त्याने काही प्लास्टिकला तडे जातात. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना तो आधी उलटा फिरवा; जुन्या आट्यात बसल्याचा बारीकसा टक जाणवला की मग सुलट फिरवा. नाहीतर दर खेपेला नवे आटे पडत जातात आणि पाचव्या खेपेला स्क्रू नुसताच फिरतो.

पहिलीचढण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोटरचा विचार सोडून दिला आहे. बॅटरी पुढे, बंपरच्या मागे आणली, डबे उतरवले, मऊ टायर आणि फोम घातले आणि पुढच्या प्रत्येक रिममध्ये ३० ग्रॅमच्या पट्ट्या लावल्या. काट्यावर पुढचे वजन आता ५५ टक्के भरते. ज्या चढावर ट्रक हमखास पाठीवर पडायचा, तो चढ त्याने तिसऱ्या प्रयत्नात पार केला. सर्व्होच्या तारा पाचच निघाल्या, त्यामुळे बोर्डाचे काम पुढच्या महिन्यावर टाकले आहे.

चाके दगडाला नीट टेकावीत म्हणून चारही पाट्यांमधले एकेक पान काढले. तेव्हापासून एक नवीच गोष्ट दिसते आहे: चढावर जोर दिला की ट्रकचे अंग एका बाजूला कलते आणि नेहमी उजवेच पुढचे चाक हवेत उचलले जाते. वजन दोन्ही बाजूंना सारखे आहे, हे मी तपासले आहे.

दगडवाट

हा शाफ्टचा पीळ आहे. शाफ्ट एक्सलला ज्या दिशेने पिळतो, त्याच्या उलट दिशेने तेवढाच पीळ चेसिसला बसतो. पाटे कडक होते, तोवर तो कळत नव्हता. आता मागचे पाटे मऊ झाल्यामुळे चेसिस कलते आणि एका बाजूचे पुढचे चाक सोबत उचलले जाते. खात्री करायची असेल, तर ट्रकचा बंपर भिंतीला टेकवून हळूच जोर द्या आणि समोरून पाहा. चेसिस दरवेळी एकाच बाजूला कलले, आणि उलटा गिअर देताच दुसऱ्या बाजूला कलले, तर शंका उरत नाही.

मागच्या पाट्यांची काढलेली पाने परत घाला आणि पुढचे पाटे मऊच ठेवा. पुढचा एक्सल दगडांप्रमाणे हलत राहील आणि मागचा चेसिसला सरळ धरून ठेवील. एवढ्याने भागले नाही, तर बॅटरी काही मिलिमीटर उजवीकडे सरकवून पाहावी. पीळ संपूर्ण जाणार नाही. जमिनीवरून चाक बोटभर उचलण्याऐवजी नखभर उचलले, तरी चढ सुटत नाही.

पाचतारा

बॅटरी पुढे नेल्यामुळे तिच्या तारा आता पुढच्या शाफ्टजवळून जात असतील. एक्सल पूर्ण वर दाबून पाहा आणि तेव्हाही तार शाफ्टला टेकत नाही, अशा उंचीवर ती चौकटीला बांधा. बोर्डाचे काम पुढच्या महिन्यात करणार असलात, तरी हे पुढच्या फेरीच्या आधी करावे, कारण मऊ पाट्यांमुळे एक्सल आता पूर्वीपेक्षा बराच वर येतो.