ग्वार गम टाकलेल्या पाण्यात गोटी उलट हळू पडली. असं का?

आठवीचे सर: पाण्यात किंचित पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू असलेलं द्रव्य, विरघळवलं की घर्षण घटतं, असं वाचलं होतं. म्हणून उंच बरणीत २ लिटर पाणी घेतलं, २ चमचे ग्वार गम (गवारीच्या बियांची पूड, तीही पॉलिमरच) घोटलं आणि काचेची गोटी सोडली. साध्या पाण्यात टपकन तळाशी जाणारी गोटी इथे रेंगाळत उतरली. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. चुकलं कुठे?

पाइपलाइनवाला: सर, दोन ठिकाणी. एक, प्रमाण. तुम्ही जवळजवळ खळच केली. हा परिणाम दिसतो तो दहा लाख भाग पाण्यात दहा-वीस, फार तर काहीशे भाग पॉलिमर असताना. दुसरं, गोटी. गोटीला अडवतं ते मुख्यतः तिच्यामागे उठणारं भोवऱ्यांचं शेपूट. पृष्ठभागाचं घर्षण त्यात थोडंच. पॉलिमरची करामत भिंतीलगतच्या खळबळत्या थरात चालते. लांब साखळ्या ताणल्या जातात आणि बारीक भोवरे उठू देत नाहीत. संथ प्रवाहात त्यांना दाबायला भोवरेच नसतात, तिथे पाणी नुसतं जाड होतं. टॉम्स नावाच्या संशोधकांनी १९४८ मध्ये हे नळीतल्या प्रवाहावरच मांडलं. अलास्काच्या तेलवाहिनीत १९७९ मध्ये असंच द्रव्य सोडायला सुरुवात झाली. तुम्हीही नळीच घ्या. गवंड्याची लेव्हल पाइप चालेल.

खाडीकाठचा: वाम हातातून सटकते, ती अंगावरच्या चिकट द्रवामुळे. माशांच्या अशा द्रवातही लांब साखळ्यांचे रेणू असतात, आणि तो पाण्यात मिसळला की नळीतलं घर्षण घटतं हे मोजलेलं आहे. जहाजाच्या नाकाडाजवळून पॉलिमर सोडायचे प्रयोगही झालेत, पण ते मागे वाहून जातं, सतत ओतत राहावं लागतं.

आठवीचे सर: केलं! १० लिटरची बादली गच्चीच्या कठड्यावर, ५ मीटर लेव्हल पाइप, दुसरं टोक २ मीटर खाली. साधं पाणी: २ मिनिटं २२ सेकंद. मग सपाट चमचाभर, ३ ग्रॅम ग्वार गम, गुठळ्या होऊ नयेत म्हणून भुरभुरवत ढवळलं, दोन तास भिजू दिलं: २ मिनिटं ५ सेकंद. तीनदा केलं, दोन-तीन सेकंदांचाच फरक. एका मुलीने तेच पाणी छोट्या मोटरमधून पाच-सहा वेळा फिरवून पुन्हा सोडायला लावलं: २ मिनिटं १५. साखळ्या तुटल्या ना?

पाइपलाइनवाला: तुटल्याच. म्हणून आम्ही पॉलिमर पंपानंतर सोडतो, पंपाआधी कधीच नाही. तिला सांगा, प्रश्न अगदी नेमका काढला.