सासूबाई आणि बाळ, दोघींनाही ताप आणि अंगावर पुरळ. एकच आजार असेल का?

नमस्कार, घाईत लिहितेय. आम्ही वर्धा जिल्ह्यात खेड्यावर राहतो. सासूबाईंना (वय ५८) आठवडा झाला ताप आहे, हुडहुडी भरून येतो, डोकं भयंकर दुखतं, पॅरासिटामॉल घेतली की थोडा वेळ बरं आणि मग परत चढतो. परवापासून पोटावर-पाठीवर लालसर पुरळ उठलंय, खाज नाही. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, प्लेटलेट ९० हजार, डॉक्टर म्हणाले व्हायरल असेल. आज जरा धाप लागतेय त्यांना. आणि मुलगी ११ महिन्यांची, तिला तीन दिवस १०३ पर्यंत ताप होता, काल उतरला आणि उतरल्यावर छाती-पाठीवर बारीक गुलाबी पुरळ आलं. ती खेळतेय, दूध पितेय. शेजारच्या काकू म्हणतात दोघींना गोवर निघालाय, माता आहे, उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवा, दवाखाना करू नका. मुलीला नवव्या महिन्याची एमआर (गोवर-रुबेला) लस दिलेली आहे. एकीचं दुसरीला लागलं असेल का? वेगळं ठेवू का दोघींना? प्लीज सांगा कोणीतरी.

प्रतिसाद: ताई, मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नुसतं पुरळ बघून आजार ओळखू येत नाही, ते कधी आलं आणि कुठून सुरू झालं ते बघायचं. गोवरात आधी ताप, खोकला, नाक वाहणं, डोळे लाल, मग ताप चढलेला असतानाच कानामागून-कपाळावरून पुरळ सुरू होतं आणि खाली उतरतं. तुमच्या बाळाचं उलटं आहे, ताप गेला आणि मग पुरळ आलं, ६ महिने ते २ वर्षांच्या पोरांमध्ये हे बहुतेक वेळा रोझिओला असतं, व्हायरसच आहे, एक-दोन दिवसात आपोआप जातं. तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुरळावर काचेचा पेला दाबून बघा, दाबल्यावर डाग फिके पडले नाहीत किंवा बाळ सुस्त पडलं तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना.
मला काळजी सासूबाईंची वाटतेय. वावरात जातात का? त्यांच्या काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरेला नीट बघा, सिगरेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का.

धागाकर्ती: हो ताई आहे!! परकराच्या नाडीखाली. दुखत नाही म्हणून त्या काही बोलल्याच नाहीत. सोयाबीन निंदायला रोज जात होत्या, बांधावरचं गवतही कापलं.

प्रतिसाद: मग स्क्रब टायफसची शंका घ्यायलाच हवी. हा ताप गवत-झुडपातले अगदी बारीक किडे चावल्याने येतो, ते डोळ्याला दिसतही नाहीत, चावल्या जागी अशी खपली धरते, पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत केसेस जास्त असतात. माणसापासून माणसाला लागत नाही, म्हणजे बाळाचा आणि यांचा आजार वेगळा दिसतोय. प्लेटलेट यातही कमी होतात म्हणून डेंग्यू वाटतो. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर ताप बहुतेकदा दोन दिवसात उतरतो, पण उशीर झाला तर फुफ्फुस, किडनी, मेंदूवर जातं आणि यांना धाप लागलीय. मेडिकलमधून गोळी आणून घरी देत बसू नका, आजच सेवाग्रामला किंवा जिल्हा रुग्णालयात न्या.

प्रतिसाद: मी नागपूरचा. २०१८ ला आपल्या विदर्भात स्क्रबची साथ होती तेव्हा माझ्या वडिलांना झाला होता, त्यांना खपली कुठेच नव्हती. म्हणजे खपली नाही म्हणून स्क्रब नाही असं कोणी धरू नये, शेतात जाणाऱ्या माणसाचा ताप पाच-सहा दिवसात हटला नाही तर आपणच डॉक्टरांना विचारायचं. आणि रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवत नाहीत, शंकेवरच सुरू करतात. बाकी ताई, डेंग्यूची एक टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाहीच असंही नसतं, तोवर ब्रुफेन वगैरे देऊ नका.

धागाकर्ती: १०८ ला फोन केलाय, निघतोय. बाळ नणंदेकडे ठेवलंय. खपलीवर हळद लावू का तोवर?

प्रतिसाद: काहीच लावू नका आणि काढूही नका, डॉक्टरांना ती दिसली पाहिजे. त्या स्वतःहून सांगणार नाहीत, तुम्ही पहिल्यांदा तेच दाखवा. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.