डेटाच्या नोकरीसाठी मेजर (मुख्य विषय) कोणता: गणित की स्टॅटिस्टिक्स?

ठाण्याची आई: मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, दोन्ही विषय आवडतात. काय निवडावं?

उत्तर १: ताई, स्टॅटिस्टिक्स मेजर, गणित मायनर (दुय्यम विषय). यूपीएससीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसला (केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या नोकऱ्यांना) पदवीत स्टॅटिस्टिक्स हा विषय किंवा त्यातलं एम.एस्सी. लागतं. नुसत्या गणितावर तो फॉर्म भरता येत नाही, आणि हे अनेकांना पदवी झाल्यावर कळतं!

उत्तर २: सहमत, पण गणित हलक्यात घेऊ नका. लिनिअर अल्जिब्रा (मॅट्रिक्स-व्हेक्टरचं गणित) कच्चं राहिलं की रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची पद्धत) समजत नाही, नुसतं पाठ होतं. आयआयटी जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेच्या मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स पेपरातही गणित असतंच. सोबत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि आर (स्टॅटिस्टिक्ससाठीची प्रोग्रामिंग भाषा) आत्ताच सुरू करा. ऐरोलीतल्या डेटा ॲनालिस्टच्या वीसेक जाहिराती वाचून कोणती कौशल्यं पुन्हापुन्हा मागतात ते तिलाच वहीत लिहू द्या.

ठाण्याची आई: मायनरची यादी उद्याच कॉलेजात विचारते.