'फ्री' नाही, 'अव्हेलेबल' बघा, आणि गर्दीच्या वेळेला बघा

वर कुणीतरी लिहिलंय की लिनक्स सर्व्हरवर 'फ्री' कमांडच्या 'फ्री' कॉलममध्ये दिसणारी रिकामी रॅम ३०० एमबीवर आली म्हणजे रॅम संपली, लगेच वाढवा. नाही पटलं. लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशला (डिस्कवरून वाचलेल्या फाइल्स हाताशी ठेवायला) वापरतं आणि गरज पडली की त्यातली बरीचशी सोडून देतं, म्हणून 'अव्हेलेबल' कॉलम बघायचा (नव्या कामाला किती रॅम मिळू शकेल याचा अंदाज), कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१४ पासून तो अंदाज कर्नल स्वतःच काढून देतं.

पण कधी बघायचं हे कोणीच लिहिलं नाहीये. आमच्या अंधेरीच्या ऑफिसातला १६ जीबीचा सर्व्हर मी रोज सकाळी साडेनऊला चेक करायचो, अर्धे लोक अजून लोकलमध्येच, अव्हेलेबल ९ जीबी, सगळं छान. आणि महिनाअखेरीला दुपारी चारला अकाउंट्सवाले रिपोर्ट काढायला बसले की बोंबाबोंब. शेवटी त्याच वेळेला 'व्हीएमस्टॅट ५' लावून बसलो (ही कमांड दर पाच सेकंदांनी मेमरीचे आकडे दाखवते; पहिली ओळ सोडून द्या, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते), तर एसआय-एसओ (स्वॅप-इन, स्वॅप-आउट) हे दोन्ही कॉलम सतत हजारांत, म्हणजे स्वॅपमधून (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ये-जा चालूच, आणि कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी', रॅम संपली म्हणून कर्नलने डेटाबेसच मारून टाकलेला. ते दाखवल्यावर रॅम लगेच मंजूर झाली. स्वॅप थोडी भरलेली दिसली म्हणून मात्र घाबरू नका, एसआय-एसओ शून्याच्या आसपास असतील तर तिथला डेटा नुसता पडून आहे.