एलटीस्पाइस या सर्किट-सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये रेझिस्टरचे मूल्य बदलूनही एकच वक्र दिसतो

प्रश्न: आरसी लो-पास फिल्टरमध्ये (रेझिस्टर व कपॅसिटरचा, कमी वारंवारता पुढे सोडणारा फिल्टर) १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर कायम ठेवून रेझिस्टर १ ते १० किलोओहम असा बदलायचा आहे, ‘स्टेप परम’ ही मूल्य टप्प्याटप्प्याने बदलणारी आज्ञा लिहूनही वक्र एकच का दिसतो?

उत्तर १: रेझिस्टरवर आकडा तसाच राहिला असावा, त्यामुळे सगळे वक्र एकमेकांवर पडतात. तेथे महिरपी कंसात आज्ञेतील चलाचेच नाव लिहा. छेद-वारंवारता (जिच्यापुढे फिल्टर संकेत दाबू लागतो) सुमारे १५९२ हर्ट्झवरून १५९ हर्ट्झपर्यंत सरकली, तर मांडणी बरोबर आहे असे खुशाल समजा.

उत्तर २: मूल्ये लिहिताना आणखी एक काळजी घ्या: मेगओहमसाठी नुसते ‘एम’ कधीही लिहू नका, कारण एलटीस्पाइस त्याचा अर्थ मिली असा घेते, ‘मेग’ लिहावे.

प्रश्नकर्ता: महिरपी कंसच राहिले होते. आता दहाही वक्र वेगळे दिसतात, मनःपूर्वक आभार.